पट्टे दिसतात का बगा

—आवो, मराठीतच बोला की! आत्ता फोनवर बायकोला 'घेतो गं, घेतो' म्हनत व्हता, ऐकलं मी, आता कुठं लपताय इंग्रजीत? सापडला तुमी. घाबरू नका, विमा विकत न्हाई मी— फकस्त तुमचा हात पायजे. ह्यो मोबाईल धरा, कॅमेरा चालू हाय, दुकानातल्या त्या लॅपटॉपच्या काचेसमोर न्या. माझा हात हलतो ना, मग पट्टे लॅपटॉपचे का माझ्या हाताचे, कळतच न्हाई.

कसले पट्टे? काळे, आडवे, सरकत ऱ्हातात. डोळ्याला न्हाई दिसत, मोबाईलला दिसतात. काचेमागचा दिवा म्हनं लागतो-इझतो, लागतो-इझतो, इतका भरभर की मान्साला पत्ता न्हाई. माझ्या नातीला हाय पत्ता. सावनी तिचं नाव. जरा लॅपटॉपवर बसली कामाला की डोळ्यामागं खिळे ठोकल्यागत, मग डोकं, मग उलटी. डाक्टर म्हनला डोळे झकास. घरात म्हनतात नाटक. मी म्हनलं, नाटक न्हाई— तर सगळी हसली! कोन खरं धरनार माझं? हितंच मद्रासला, पेरांबूरच्या कारखान्यात रेल्वेचे डबे बनवायचो, तवा साहेबाच्या जेवनाच्या डब्यात रबराची पाल ठेवनारा मानूस मी. झाकन उघडलं आन् साहेब खुर्चीवर चढला— ते ऱ्हाऊ द्या.

दिसलं न्हाई? न्हाईच दिसनार! हितं समद्या लॅपटॉपांचा उजेड फुल्ल ठिवलाय, नवरीगत नटवून. फुल्ल उजेडात पट्टे लपून बसतात. मागच्या टायमाला मी असाच फसलो, हितनंच एक लॅपटॉप नाचत घरी नेला. सुनेनं देवापुढं ठिवला, चंदन लावलं, कुंकवाचं बोट उमटवलं बरोब्बर झाकनावर— जन्म गेला मद्रासला, रीत हितलीच झाली. सावनीनं बसल्या बसल्या उजेड कमी केला, कारन फुल्ल उजेड तिला सुईगत टोचतो— आन् आले की पट्टे! म्हंजे वर टोचतंय, खाली लुकलुकतंय, पोरीनं बसायचं कुठं? परत द्यायला आनला तर काउंटरवाला म्हनतो, "पोट्टु वेच्चाच्चु, तात्ता"— कुंकू लागलं आजोबा, पूजेचा माल परत न्हाई घेत. पुसलं मी. डाग गेलाच न्हाई.

मग काय केलं म्हाइताय? तोच घरी नेला. वरनं निळं कवर चढवलं, डाग झाकला, आन् तिला म्हनलं, बदलून आनला बग, ह्यात एक पट्टा न्हाई! इचार केला, मनाचंच दुखनं असंल तर जाईल. तर ती म्हनली, "आजोबा, लई भारी हाय हो ह्यो." हसत हसत काम करत बसली. मी खूश. दुपारी मोरीकडं गेलो, तर आत नळ धो धो सोडलेला— आन् नळाच्या आवाजाआड पोरगी वकतीय.

वळखलं व्हतं तिनं पयल्या झटक्यात. इतक्या सफाईनं मला आजवर कुनी फसवलं न्हाई. हसा की. मी बी हसलो, मोरीच्या दारात उभा ऱ्हाऊन.

सोमवारी कामावर बसली न्हाई तर कंपनी दुसरं मानूस घेनार. म्हनून ह्यो दुसरा घ्यायचाय. रांगेतल्या बाकी समद्यांना पट्टे निघाले, ह्यो शेवटचा. काउंटरवाला पाठमोरा हाय, करा उजेड कमी— ते सूर्याचं बटन. अजून कमी. अजून. तिला लागतो तितका.

आता?

आले व्हय पट्टे? काच पुसून बगा. मोबाईलची बी पुसा. तुमचा हात हलतोय का? ...न्हाई हलत.

ती बगा सावनी आली, दुकानाच्या पायरीवर, काळा चष्मा लावलेली. तिला म्हना पट्टे न्हाईत— न्हाई, नको. नको. ती पुन्हा हसंल. पुन्हा नळ सोडंल.

द्या मोबाईल हिकडं. उजेड व्हता तसा करून ठिवा. आन् जावा आता तुमी, बायको वाट बगत असंल.