आमच्या ह्यांची अफू सुटली त्याची गोष्ट

माझं माहेर देवगडकडचं, खाडीच्या काठाला. बाप होडीवर जायचा, आई मासळी सुकवायची, आनि आम्ही पाच बहिनी म्हंजे बापाच्या डोक्याला पाच घोर, तेच्यात मी मधली, ना थोरलीचा मान ना धाकटीचा लाड. लगीन ठरलं तेव्हा मला सांगितलं, नवरा मुंबैत गिरनीत साचे चालवतो. मला काय ठावं साचा म्हंजे कापड विनायचं यंत्र, मला वाटलं मोदकाचा साचा, मी म्हटलं चला, उकडीचे तरी खायला मिळतील. इथे घोडपदेवला आले तर एक खोली, तेच्यात सासूबाई, माझा दीर पांडू, आनि गावचे दोन पाव्हने, जे चार दिस राहातो म्हनून आले ते गेलेच नाय. मोदक कुठला नि काय. मग मी पन गिरनीत लागले, वाइंडिंग खात्यात, रीळं भरायला.

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाय, तुम्ही पाटीवर वाचा. मानूस भला. दारू नाय, जुगार नाय, तोंडातून शिवी नाय, म्हंजे बायका मला म्हनायच्या तुझं नशीब, आनि मी पन म्हनायची माझं नशीब. मग एक दिवस कामावर धोटा उडाला. धोटा म्हंजे तो लाकडाचा, टोकाला लोखंड, सूत घेऊन साच्यात इकडून तिकडे पळतो ना, तो. तो सुटला नि गोळीसारखा ह्यांच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडलं नाय, पन दुखनं जाईना. तेल लावलं, शेकलं, देवाला नारळ कबूल केला. साच्यावर पाळीभर उभं राहायचं काम, संध्याकाळी मानूस घरी यायचा तो भिंत धरून.

आमच्या शेजारी दगडूआबा राहायचे, एकटेच, गिरनीतून रिटायर झालेले. तेंच्याकडे सरकारी पास होता अफूचा. आता तुम्हाला खरं वाटनार नाय ताई, पन तेव्हा जुन्या अफू खानाऱ्या मान्सांना सरकारच पासावर अफू द्यायचं, दुकानातून, रीतसर. तर दगडूआबा बोलले, गोविंदा, मिरीएवढी घे, दुखनं पळेल. दुखनं पळालं. मिरीएवढीची मग हरभऱ्याएवढी झाली, हरभऱ्याची वाटान्याएवढी, आनि मला पत्ता नाय.

पत्ता नाय पन चमत्कार सगळे डोळ्यांसमोर. मानूस जेवताना पेंगायचा, हात ताटात तसाच, बांगड्याची आमटी निवून दगड. सारखं नाक खाजवायचे. आनि गोडाची काय ती आवड लागली, साखरेचा डबा मी लपवायची तिथे ह्यांचा हात आधी. सगळ्यात वाईट म्हंजे संडास. मजल्याला दोन संडास, सकाळी रांग, आनि आमचे हे एकदा आत गेले की बाहेरच येत नसत, अफूनं पोट धरतं ना घट्ट. बाहेरून लोक टमरेल वाजवायचे, गोविंदा, काय घर मांडलंस काय आत? आनि हे आतून शांतपने, आलोच. ते आलोच ऐकून लोक खालच्या मजल्यावर जायचे.

भजनाला बसले की डोळे मिटून असे डुलायचे, गजर संपला, पखवाज खाली ठेवला, तरी ह्यांचे टाळ आपले वाजतायत. सासूबाई मला म्हनायच्या, गो बाय, माझो झिल साधू झालो. झिल म्हंजे मुलगा, आमच्याकडचं बोलनं. चाळीतल्या दोघीतिघी पोरांना पाया पडायला घेऊन आल्या की हो! आनि हे आशीर्वाद देता देता पेंगले.

उघडकीला आलं ते सासूबाईंच्या गुडघ्यामुळं. त्या घराला गुडघे धार्जिनेच नव्हते. एक दिवस देव्हाऱ्यामागे सासूबाईंना एक डबी मिळाली, तेच्यात काळा चिकट गोळा. त्यांना वाटलं काळाबोळ. गावाकडे सुजेवर काळाबोळ लावतात, तसा त्यांनी सगळा गोळा गरम पान्यात कालवला नि दोन्ही गुडघ्यांना लेप देऊन बसल्या पाय पसरून. हे पाळी संपवून दुपारी आले. आधी देव्हाऱ्यामागे हात घातला. मग गादीखाली, मग माझ्या ट्रंकेत, मग त्या पाव्हन्यांच्या पिशव्यांत. घाम फुटलेला. मी विचारते, काय हवंय, तर काय नाय, काय नाय. तेवढ्यात नजर गेली गुडघ्यांवर. आये, हे काय लावलंस गो, असा हंबरडा फोडला ताई, मला वाटलं म्हातारी गेली. तसे खाली बसले, चमचा घेतला नि आईच्या गुडघ्यावरचा लेप खरवडून वाटीत भरायला लागले, डोळ्यांतून पानी. सासूबाई ह्यांच्या केसांतून हात फिरवत म्हनतायत, बघ गो, कसो सेवा करता माझी. आनि मी बघतेय की सेवा करनारा मधेच बोट चाटतोय.

तेव्हा मी समजले. आनि हसू नाय आलं हो तेव्हा, आता येतं. तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं दारूडा परवडला, तो निदान दिसतो तरी.

मग शपथा. देवीची शपथ, आयेची शपथ, माझ्या गळ्याला हात लावून शपथ. शपथ घेतली की दोन दिवस मानूस थरथरायचा, जांभया, अंगावर काटा, पायांत गोळे, नि तिसऱ्या दिवशी दगडूआबांच्या दारात. मी दगडूआबांशी भांडले, ते बोलले, अगो, मी काय तेचा वैरी हाय? मी सोडली असती तर तेला पन सोडायला सांगितलं असतं, पन मला कुठे सुटते? आनि म्हातारा रडायला लागला, आता भांडनार कोनाशी? मी ह्यांना म्हनायची, तुमचा माझ्यावर जीव नाय, जीव असता तर सोडली असती. 

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सगळं लालबाग, परळ, घोडपदेव रस्त्यावर. गिरनीच्या गेटवर सभा, चाळीच्या पटांगनात सभा, आमचा पांडू तर घरी फक्त कपडे बदलायला यायचा. एका मोर्च्यात हे पन गेले. पोलिसांनी गाडीत घातलं, दोघा भावांना एकदम. आता जेलात अफू कोन देनार? पुढचं मला पांडूनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, अंग कापतंय. बाकीचे सत्याग्रही बघतायत. एक मास्तर होते तेंच्यात, ते उभे राहिले नि बोलले, पाहा, हा साधा गिरणी कामगार, मुंबई जाईल ह्या विचाराने याला अश्रू आवरत नाहीत! की सगळ्यांनी घोषना दिल्या. हे रात्रंदिवस पाय झाडतायत, तर म्हने केवढा संताप. जेवन जात नाय, तर म्हने उपोषन. आनि एवढे महिने तुंबलेलं पोट एकदम जे सुटलं, तेला काय नाव द्यावं ते मास्तरांना पन सुचलं नाय.

काही आठवड्यांनी सुटून आले ते हार घालूनच. वाजतगाजत आनलं. मी ओवाळलं. बघितलं तर डोळे स्वच्छ, गालावर रंग, रात्री दोन वाट्या भात जेवले. मी म्हटलं देवा, माझं काम सरकारनंच केलं. अफू अंगातून गेली, म्हंजे आजार गेला, असं मला वाटलं. ह्यांना पन तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा दुखायला लागला. हे गेले दगडूआबांकडे, नि पहिली सवय होती तेवढी, वाटान्याएवढी, तोंडात टाकली. थोड्या वेळानं दगडूआबा दारात, धोतर सुटलेलं, गोविंदा उठत नाय गो. मी जाऊन बघते तर ओठ निळे, श्वास एक घेतात नि दुसरा विसरतात. मी गालावर मारते, हाका मारते, पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली मी, अहो गोविंद, गोविंद! काय सांगू तुम्हाला.

खाली समितीचा ट्रक उभा होता मिरवनुकीचा, झेंडे लावलेला, कर्णा बांधलेला. पांडूनं नि पोरांनी ह्यांना उचलून तेच्यात घातलं, परळच्या मोठ्या हॉस्पिटलात चला. आता लोकांनी काय बघितलं, तर ट्रक, झेंडे, नि वर कालचाच सत्याग्रही गळ्यात कालच्या हारासकट आडवा. हार काढायचा राहिलेला ना. लोक ट्रकमागे धावायला लागले. पांडू कर्ण्यातून ओरडतोय, बाजूला व्हा, मानूस मरतोय! नि लोक ओरडतायत, अमर रहे! मी ह्यांच्या छातीवर हात ठेवून बसलेय, म्हनतेय मेल्यांनो अजून जिवंत हायत, नि वरून फुलं पडतायत.

हॉस्पिटलात एक डॉक्टर होते, वैद्य आडनावाचे. नळी घातली, सुई दिली, नि बराच वेळ तिथून हलले नाय. जेव्हा ह्यांनी डोळे उघडले तेव्हा पहिला शब्द काय, तर आलोच. मी रडता रडता हसले, डॉक्टरना काय कळेना.

मग डॉक्टरनी मला बाकावर बसवून सांगितलं. बाई, जेलमध्ये शरीराची सवय मोडली होती, म्हणून जी गोळी आधी पचायची तीच आता विष झाली. सोडल्यानंतर पुन्हा घेणं हे सगळ्यात धोक्याचं, लक्षात ठेवा. मी बोलले, डॉक्टरसाहेब, तेंना देवीसमोर चांगली कडक शपथ घालते. ते बोलले, शपथेनं मलेरियाचा ताप उतरतो का? मी म्हटलं, नाय. मग हाही आजार आहे, ते बोलले, तुमच्यावर प्रेम आहे की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. ताई, ते वाक्य ऐकलं नि माझ्या छातीवरचं जातं कुनीतरी उचलून ठेवलं असं झालं.

ह्यांना वॉर्डात ठेवलं. झोपेचं औषध, पोटाचं औषध, अंग कापायला लागलं तर थोडं थोडं कमी करत जायचं औषध. पन डॉक्टर बोलले, हे सोपं काम, खरं काम घरी गेल्यावर. दुखतं तो गुडघा आधी बरा करा, नाहीतर पाय तुम्हाला तिथेच नेईल. तर गुडघ्याला शेक, पट्टा, व्यायाम, तो व्यायाम करताना हे उलट्या झुरळासारखे दिसायचे. गिरनीत बसायचं काम मागितलं, मिळालं. दर आठवड्याला डॉक्टरांपुढे जाऊन बसायचं, बरं असो वाईट असो.

आनि एकदा परत घेतलीनी. गनपतीत. मला वाटलं डॉक्टर हाकलून देतील. मी ह्यांना पुढे उभं केलं, बोलले, झाडा ह्यांना. डॉक्टरनी नाडी बघितली नि विचारलं, कशानं आठवण झाली? बस, एवढंच. हे मग तासभर बोलत होते, माझ्याशी लग्नापासून इतकं बोलले नव्हते.

पुढे अफूची दुकानं सरकारनं बंद करायला घेतली, पास गेले. दगडूआबा घाबरून दार लावून बसले. ह्यांनी दार ठोठावलं, बोलले, चला आबा हॉस्पिटलात, मी येतो बरोबर. म्हाताऱ्याची पूर्न सुटायला पुष्कळ दिवस लागले, पन शेवटची वर्षं तो शुद्धीत जगला, नि शुद्धीत असताना भारी खडूस निघाला. महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळी चाळ रोषनाई बघायला गेली, आनि आमचे हे वॉर्डात दगडूआबांच्या उशाशी बसून तेंच्या शिव्या खात होते.

आता गिरनीचा भोंगा बंद झाला, सासूबाई गेल्या, पाव्हने पन गेले एकदाचे. आता पोरं गर्द ओढतात, ती तर अफूची पन आई. तेंच्या आया येतात माझ्याकडे, मावशी काय करू. मी सांगते, मारू नको, कोंडू नको, शपथ घालू नको, हॉस्पिटलात ने. हे बरोबर जातात, या वयात, बाकावर बसून राहातात. परवा खालच्या मजल्यावरच्या सुमनचा मुलगा अर्ध्या वाटेतून पळाला, दुसऱ्यांदा. ती रडत होती. हे बोलले, रडतेस कित्या, सोमवारी परत जाऊ.

तर उद्या सोमवार. येतो का नाय देव जाने. आला तर तेचं भलं होवो, नाय आला तर त्याच्या पुढच्या सोमवारी. तुमचं पन भलं होवो बाय, एवढं बसून ऐकलंत. चहा घेतल्याशिवाय उठायचं नाय हां.