साधं की सिंथेटिक

मुलगी : मास्तरकाका, जरा वाकून बघा. ही ऑइलची पट्टी. पुसून आत घातली, परत काढली. काही लागलंय हिला?

मास्तर : अगं, मी चित्रकलेचा मास्तर. मला यातलं काय कळणार? कोरडी दिसतेय.

मुलगी : कोरडी ठाक. इंजिनात थेंब नाही.

मिस्त्री : गळलं असेल. खालचा बोल्ट ढिला राहिला असेल.

मुलगी : बोल्ट घट्ट आहे, बाबा. आत्ताच पाना लावून बघितला. खाली साधा डागसुद्धा नाही.

मिस्त्री : मग सील गेलं. मी सांगत होतो तुला, जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकू नकोस. पातळ असतं ते, बारीकशा फटीतूनही वाट काढतं. बावीस वर्षं साध्या ऑइलवर चाललेलं इंजिन आहे हे. त्याला त्याचीच सवय.

मुलगी : सीलमधून गेलं असतं तर इंजिन बाहेरून चिकट झालं असतं. हात लावून बघा. नुसती धूळ आहे.

मास्तर : काल चढाच्या दुसऱ्या वळणापर्यंत गाडी ठीक होती. मग आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. आमची ही मागून म्हणाली, थांबवा. मी म्हटलं, वरपर्यंत जाऊ दे, आठची वेळ आहे आपली. आणि मग मागचं चाकच अडलं.

मुलगी : पडलात?

मास्तर : नाही. क्लच कसा दाबला गेला कोण जाणे. गाडी कडेला लावली, हिला एका दगडावर बसवलं. पाऊण तासानं एक टेम्पो थांबला. हॉस्पिटलात पोचलो तोवर मशीन दुसऱ्याला लावलं होतं. त्यांचंही बरोबरच आहे. एकासाठी किती थांबणार? चार दिवसांचं पाणी अंगात तसंच घेऊन परत आलो. आज सकाळी तिच्या पायात चपला जाईनात.

मिस्त्री : कोण आजारी आहे?

मुलगी : काकू, बाबा. त्यांचं डायलिसिस असतं. मंगळवार आणि शुक्रवार. तीन वर्षं झाली.

मिस्त्री : हो, हो. माहीत आहे मला.

मास्तर : मी तिला सारखं सांगत असतो, मिस्त्रींच्या हातची गाडी आहे, ती आपल्याला दगा देणार नाही. काल त्या दगडावर बसूनसुद्धा ती मला तेच ऐकवत होती. चिडून नव्हे हं. तिला आता चिडायलाही दम पुरत नाही.

मुलगी : काका, स्पष्टच सांगते. पिस्टन चिकटलाय. किक जागची हलत नाही. इंजिन खाली उतरवून पूर्ण उघडावं लागेल. पिस्टन ज्यात वरखाली होतो तो बोअर तर गेलाच, खालची बेअरिंगंही बघावी लागतील. आठ दिवस कुठं गेले नाहीत.

मास्तर : आठ दिवस. आणि मला तर उद्या सकाळी आठला बोलावलंय. कोणीतरी रद्द केलं म्हणून ती वेळ मिळाली. पहिली बस इथूनच साडेसातला सुटते. टेम्पोवाल्याला फोन केला, तो परगावी गेलाय. बरं, राहू दे. तू तुझं काम बघ.

मिस्त्री : थांबा मास्तर, मी दाखवतो तुम्हाला. ही पोरगी ऐकत नाही माझं. एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे.

मुलगी : बाबा, आत्ता नको. बाबा, बसा ना.

मास्तर : जाऊ दे त्यांना. सोमवारीही असंच झालं होतं. तू म्हणालीस, सिंथेटिक टाकू, काका चढावर डबलसीट जातात, इंजिन तापतं, ते उष्णता जास्त सोसतं. मिस्त्री म्हणाले, साधंच. मी आपला त्या स्टुलावर. शेवटी म्हटलं, तुम्हा दोघांचं जे ठरेल ते टाका, मला फक्त मंगळवारी पोचायचंय.

मुलगी : आठवतंय. फार वेळ वाद घातला आम्ही.

मास्तर : मला गंमत वाटत होती. बाप-लेक तावातावानं भांडताहेत आणि कशावरून, तर ऑइलवरून. घरी गेल्यावर हिला नक्कल करून दाखवली. हसली ती.

(मिस्त्री आतून ऑइलचे दोन डबे घेऊन येतात आणि स्टुलावर ठेवतात.)

मिस्त्री : हे सिंथेटिक, हे साधं. आता ऐका. सिंथेटिक चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. महिनोन्‌महिने काळं पडत नाही. पण म्हणून माणूस महिनोन्‌महिने फिरकत नाही. साधं ऑइल लवकर खराब होतं, गाडी लवकर परत येते, मग आपला कान इंजिनावर राहतो. मास्तरांची गाडी माझ्या कानाच्या ओळखीची आहे.

मुलगी : हे डबे कुठून आणलेत?

मिस्त्री : कुठून म्हणजे? फळीवरून.

मुलगी : फळीवर अजून किती आहेत?

मिस्त्री : दोनच होते. हे काय आणले.

मुलगी : सोमवारीही दोनच होते. एक याचा, एक त्याचा. एजन्सीची गाडी शनिवारी येणार आहे. मधे दुसरी कुठली गाडी ऑइलला आली नाही.

मास्तर : म्हणजे?

मुलगी : दोन्ही डब्यांचं सील तसंच आहे, काका. बघा. एकही फोडलेला नाही.

मास्तर : म्हणजे जुनं ऑइल काढलं आणि नवं...

मुलगी : टाकलंच नाही. कुठलंच.

मिस्त्री : काहीतरी काय बोलतेस? मी टाकलंय. नरसाळं लावलं होतं, मला आठवतंय. ऑइल आत जाताना शेवटी एक आवाज करतं, तो ऐकल्याशिवाय मी झाकण लावत नाही. चाळीस वर्षांत लावलं नाही.

मुलगी : ती दुसरी गाडी असेल, बाबा.

मिस्त्री : कुठली दुसरी?

मुलगी : ते मला तरी काय माहीत?

मास्तर : असू दे, असू दे. होतं असं. मिस्त्रींचं वय झालंय, आजकाल राहत नाही त्यांच्या लक्षात, हे काय मला माहीत नाही? बाहेर कोणाला सांगणार नाही मी. हिलासुद्धा नाही. सांगेन, पेट्रोलमध्ये कचरा आला.

मिस्त्री : पोरी, इकडे बघ. मी विसरलो का?

मुलगी : बाबा, तुम्ही हात धुऊन घ्या आधी.

मिस्त्री : हात राहू दे. विचारतोय ते सांग. मला सोमवार आठवत नाही. मघाशी म्हणालो आठवतो, पण तो हा सोमवार होता की दुसरा, मला कळत नाही. तू सांगशील ते मला खरं मानावं लागणार. म्हणून नीट सांग.

मुलगी : जुनं ऑइल तुम्ही काढलंत. बोल्ट तुम्ही घट्ट केलात. मग डबा उचललात आणि मी तुमच्या हातातून घेतला. म्हटलं, हा नको, तो. तिथून वाद सुरू झाला. चिडून दोन्ही डबे मी परत फळीवर ठेवले. तेवढ्यात काकांना घरून फोन आला, त्यांना घाई झाली.

मास्तर : हो. हिला उलट्या व्हायला लागल्या होत्या.

मुलगी : किल्ली मी दिली. पट्टी न बघता दिली. गाडी बाहेर जाताना पट्टी बघायची, हे काम माझं आहे. सहा वर्षांपासून माझं आहे. काका, मघाशी तुम्ही वयाचं बोललात तेव्हा मी गप्प बसले. पाच मिनिटं मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मास्तर : अगं, पण...

मुलगी : हातातून डबा घेतला नसता तर बाबांनी ऑइल टाकलं असतं. साधं टाकलं असतं. आणि काल तुम्ही वेळेत पोचला असता.

मिस्त्री : म्हणजे मी नाही विसरलो.

मुलगी : नाही, बाबा.

मिस्त्री : हे मला उद्याही सांगशील का? परवाही?

मुलगी : विचारलंत की सांगेन.

मास्तर : झालं ते झालं. मी निघतो. घरी ही एकटीच आहे.

मुलगी : काका, माझी स्कूटर घ्या.

मास्तर : मला गिअरशिवाय जमत नाही गं. एकदा शाळेच्या आवारात चालवून बघितली, थेट कुंडीवर घातली. आणि मागे हिला घेऊन तो चढ? नको.

मुलगी : मग काकूंना मी नेते. साडेसहाला घरी येते.

मास्तर : आणि मी? तिघं बसणार कसे? तीन वर्षांत एकदाही ती माझ्याशिवाय गेलेली नाही. तसा मी तिथं करतो काय म्हणा. बाहेरच्या बाकावर बसतो. पण दाराच्या काचेतून तिला माझा खांदा दिसतो. तेवढंच.

मुलगी : मी त्याच बाकावर बसेन. चार तास हलणार नाही. पण काका, मी तिकडे असताना बाबा इथं एकटे राहतील. दुकान बंद ठेवलं तरी ते उघडतात. कोणी गाडी आणली तर नाही म्हणवत नाही त्यांना.

मास्तर : म्हणजे मी यांच्यापाशी बसायचं.

मुलगी : बसाल?

मास्तर : बसेन. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात आहे तरी काय? पण त्यांनी पाना उचलला तर मी थांबवू कसा? मित्र आहेत माझे.

मुलगी : मलाही ते अजून जमलेलं नाही.

मिस्त्री : मी इथंच उभा आहे. ऐकतोय सगळं.

मास्तर : माफ करा, मिस्त्री.

मिस्त्री : माफी कसली. या उद्या, बसू. पोरी, बोअर नवा घालणार ना?

मुलगी : हो, बाबा.

मिस्त्री : नव्या बोअरला पहिले हजार किलोमीटर साधंच ऑइल. त्यात वाद नाही.

मुलगी : नाही. तिथं माझंही तेच मत आहे. आणि हजारानंतर?

मिस्त्री : नंतरचं तू ठरव. मला विचारू नकोस. विचारलंस तर मी काहीतरी सांगेन, आणि तुला वाटेल की मला खरंच माहीत आहे.