अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर

कॉम्प्युटर बंद पडला की तुम्ही लगेच व्हायरसला शिव्या घालता. माझं ऐका आधी. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीची यादी नेटवर आली होती. संपात बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच, आता आशा होती ती या यादीची. आमच्या करी रोडच्या खोलीत मी फाइल डाउनलोडला लावली. अर्ध्यावर आली आणि कॉम्प्युटर बंद! पुन्हा लावली, तर डिस्क एरर. बाबा मागे स्टुलावर, बनियन घामाने चिंब.

"मशीन तापला असतला रे. रवांदे, उद्या बघू."

"तापलं नाही बाबा, डिस्क भरलीय."

मी गाणी उडवली, ताईच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा उडवला आणि तिसऱ्यांदा लावली. नव्वद टक्के. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव... आणि स्क्रीन काळी!

"च्यायला, गेला परत!" म्हणत मी मागे वळलो, तर स्टूल रिकामं. बाबा भिंतीला टेकून उभे, बोट अजून मेन स्विचवर.

"बाबा, तुम्ही बंद केलात?"

त्यांचं बोट स्विचवरून हलेना.

"आणि माझा नाव नसला तर रे?"