अण्णांच्या पोरीचा प्रश्न

अगं, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी मशीन दुरुस्त करायला गेले, तर तिथले फोरमन अण्णा सगळा बिघाड माझ्या ड्रायव्हरला, सलीमभाईंनाच समजावून सांगायला लागले. शेवटी सलीमभाई म्हणाले, "अण्णा, इंजिनिअर ह्या मॅडम हायेत. मी नुसती गाडी चालवतो."

अण्णा ओशाळले. दुपारी मशीन सुरू झालं, तसा त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या हातात दिला. "आमची पोरगी हाय. इंजिनिअर व्हायचं म्हनती. मी न्हाई म्हनलो हुतो. तुमीच बोला."

मला वाटलं, पोरगी अभ्यासाचं विचारेल. तिनं विचारलं, "मॅडम, कारखान्यात बायकांसाठी बाथरूम असतं का?"

मी काही बोलायच्या आतच अण्णा ओरडले, "तू शिकून ये गं, तवर बांधून घेतो!"