फळ्यावरचा रिकामा खिळा

सन्माननीय अध्यक्ष, आपले प्राचार्य महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी आणि मागे खुर्च्या न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी, तुम्हां सर्वांना नमस्कार.

आज माझ्या निवृत्तीच्या निमित्ताने माझ्याबद्दल इतकं छान बोललं गेलं की मध्येच वाटलं, ही बाई कोण, भेटायला हवं एकदा! प्राचार्य महोदय, आपण मघाशी म्हणालात, यंदाही वीस प्रवेश झाले, जैवतंत्रज्ञान विभाग टिकला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पण विसावा प्रवेश कुणाचा, हे आपल्याला ठाऊक आहे का?

आपल्या प्रयोगशाळेतल्या मामांच्या मुलीचा. मामांना विचारूनच सांगते आहे. ते म्हणाले, "सांगा की मॅडम, कौतुकाचीच गोष्ट आहे."

ही मुलगी दहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की बापाजवळ येऊन बसायची. एकदा मी तिला सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल दाखवली. बराच वेळ डोळा लावून बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आपण बघतोय ते यांना कळतं का?" सव्वीस वर्षांत असा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

गेल्या आठवड्यात मामा आले. "पोरीला नर्सिंगला जागा मिळतेय. पण ती तुमच्याच विषयाचं घेऊन बसलीय. काय करू?"

मी म्हटलं, "मामा, नर्सिंगचा खर्च निम्मा आहे आणि शिकून बाहेर पडली की काम आहे. आमच्याकडे नुसत्या पदवीवर फारसं हाती लागत नाही. पुढे आणखी दोन वर्षं शिकायचं, मग कुठे दार किलकिलं होतं. तुम्हाला फीची सवलतही नाही." कर्मचाऱ्यांच्या मुलांना सगळ्या विषयांना सवलत आहे, फक्त आमच्या विनाअनुदानित विषयाला नाही. बावीस वर्षं इथली काचेची भांडी धुणाऱ्या माणसाला!

मामा हसले. "मला काय सांगता मॅडम? तो फळा रोज मीच पुसतो. ती चष्मेवाली लशीच्या कारखान्यात मोठी साहेब. तो दाढीवाला परदेशात संशोधन करतोय. माझ्यासमोर किती बीकर फोडलेत त्याने!"

तो फळा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. 'आमचे विद्यार्थी आज कुठे आहेत.' मी विभागात आले त्या वर्षी हौसेने लावला. ज्याचं भलं झालं तो फोटो पाठवायचा, आम्ही खिळा ठोकून तो टांगायचो. एकतीस फोटो आहेत. शिकून गेलेली मुलं पाचशेच्या वर. बाकीच्यांनी फोटो पाठवला नाही आणि आम्हीही कधी मागितला नाही.

"मामा, फळ्यावर नाहीत त्यांचं काय?"

"त्यांनी अभ्यास केला नसेल."

केला होता हो. एका वर्षी पहिली आलेली मुलगी आज फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. बाजारात भेटली की ओढणी सारखी करत म्हणते, "मॅडम, तात्पुरतं आहे." नऊ वर्षं झाली. हे मी मामांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "मला आठवडाभर द्या."

का म्हटलं असं? प्रवेश एकोणीसवर अडकले होते. विसावा आला नाही तर विभाग बंद. माझ्या तीन तरुण सहकारी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांची घरं यावर चालतात. आणि ती कांद्याची साल. मुलीला त्या सूक्ष्मदर्शकापासून ऊठ म्हणायला माझी जीभ रेटेना. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खरं आधी बोल, मग खाली बस. मी आठवडाभर नुसतीच बसून राहिले.

आज सकाळी सगळं खरं सांगायचं ठरवून आले, तर मामा पावती घेऊन दारातच उभे. "भरली मॅडम. नर्सिंगचं सोडलं. म्हटलं, तुम्ही आहात तोवर भरावी. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तेव्हाच समजलो." मग मला फळ्यापाशी नेलं. खालच्या कोपऱ्यात एक नवा खिळा. "हिच्यासाठी. तीन वर्षांनी शोधाशोध नको."

मी "छान बसलाय," म्हटलं.

मामा, तुम्ही चहाच्या टेबलापाशी उभे आहात, दिसताय मला. एकट्याने ऐकायचं ते सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. आता उपयोग नसताना मी बोलते आहे, हेही कळतंय मला.

या संस्थेने मला खूप दिलं. सर्वांची मनापासून ऋणी आहे. भाषणात काही राहून गेलं असेल तर आपण मोठ्या मनाने सोडून द्याल. फळ्यावर यायचे जे राहून गेले, त्यांची मात्र मी हात जोडून क्षमा मागते.

एकच मागणं. तो खिळा काढू नका. तीन वर्षांनी ती मुलगी कारखान्यात असो, फोनवर तक्रारी ऐकत असो, नाहीतर घरी बसलेली असो, तिच्याकडे फोटो मागा. आणि तिथेच लावा.