पाकिटातलं मीठ आणि करवंटीतलं मीठ

समारंभाचे अध्यक्ष, आमचे गावप्रमुख दारमोसाहेब, शहरातून आलेले डॉक्टरसाहेब, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या सुईणबाई रत्मी, आणि माझ्या वोनोसिडीकरांनो,

मला बोलायला का उभं केलं, याचा सकाळपासून मला संशय येतोय. बाईंशी गावात सर्वांत जास्त भांडली ती ही न्गातिनी, म्हणूनच ना? हसा, हसा.

बावीस वर्षांपूर्वी बाईंनी आयोडीनचं मीठ आणलं. गावात घरटी एकीचा तरी गळा गलगंडानं फुगलेला. मी भर सभेत विचारलं, "सरकारला आमच्या भाजीची काळजी कधीपासून? पोरं होऊ नयेत म्हणून काहीतरी कालवलं असणार!" तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आता खाली बघू नका.

दरवर्षी मुलं घरून चमचाभर मीठ शाळेत न्यायची. कसावाच्या कंदाचा कीस, त्यावर व्हिनेगर आणि ते मीठ. जांभळं झालं की आयोडीन आहे. आमचं गाव शंभर टक्के जांभळं! दारमोसाहेब, तुमच्या कचेरीतलं ते प्रशस्तिपत्र खोटं आहे हो. पाकीट आम्ही शाळेपुरतं ठेवायचो. चुलीजवळच्या करवंटीत आपलं जाडं मीठच.

बाई माझ्याहून संशयी निघाल्या. "सगळं जांभळं, मग गळे का उतरेनात?" म्हणत ऐन जेवणाच्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"पाहुण्यांनी पानावर बसावं, चुलीत नाक खुपसू नये," मी म्हटलं.

"बसते की. आधी करवंटी दाखवा, ताई."

सोबत आणलेल्या किसावर बाईंनी ते मीठ टाकलं. कीस पांढराच राहिला. मग मीही तोंड सोडलं. माझ्या सुनेचे, विजीचे, दोन गर्भ गेले होते, तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. मी म्हटलं, "तुमच्याच मिठानं गेले ते! ती गुपचूप पाकिटातलं खाते." हे मी विजीला तोंडावर सुनावलं होतं, पाणवठ्यावरही सांगितलं होतं. ती नाही म्हणत रडायची. मला ते रडणंही नाटकी वाटायचं.

बाईंनी फळीवरचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. शाळेला दिलेला चमचा तेवढा कमी, बाकी काठोकाठ. "हे कुणी खाल्लं, ताई?"

बाई म्हणाल्या, "जाड्या मिठानंच गेले, असं मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तिसऱ्याच्या वेळी हे मीठ वापरून बघा." त्याच दिवशी मी करवंटी रिकामी केली. त्या तिसऱ्या खेपेची माझी नात आज शहरात शिकते. बाईंनी त्या दुपारचं कुणाला सांगितलं नाही, आणि विजीला मी सांगितलं नाही.

बाई, तुमचे आभार मानते. भाषणाच्या शेवटी, काही चुकलं असेल तर म्हणून, सभेची माफी मागायची आपली रीत आहे. सभेनं मला आज माफ नाही केलं तरी चालेल. विजी, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. पाकीट भरलेलं होतं गं. तू खरं बोलत होतीस.