एक पाणी बाकी

"हॅलो?… हॅलो, कोण?… यशू! अगं बोल, बोल…"

नात यशश्रीचं बारसं झालं, त्याच साली विश्रामराव सोनवणे साठ पुरे करून रेल्वेच्या कारखान्यातून घरी बसले. त्याच साली ते बायकोकडून अक्षरं शिकले, आणि त्याच साली दोघं पहिल्यांदा सायकलींवरून गरुडेश्वरला दत्ताच्या दर्शनाला गेली. आता नात बावीस वर्षांची झाली होती. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी ती आजोबांची रस्त्यांची वही घेऊन राजपिपळ्याच्या पुढच्या जंगलात पोचली होती. बडोद्यात, अकोट्याच्या घरी, फोन एकदाच वाजला. उचलायला वेळ लागला नाही, कारण विश्रामराव पहाटेपासून फोनपाशीच बसले होते.

"…मजामां, मजामां. माझं काय विचारतेस? तू सांग… आवाज तुटतोय गं. जरा उंचावर उभी राहा… हां, आता येतोय.

राजपिपळा सोडलंस?… कधी?… आणि मिताली कुठाय?… पुढं गेली? अरे वा, ही बरी मैत्रीण! पंक्चर तुझं की तिचं?… तुझं? मग बरोबर आहे. हवा कमी ठेवली असशील. मी सांगितलं होतं, घाटात पुढचं चाक…

बरं, बरं. नाही लावत भाषण.

जेवलो… अगं, रात्रीचं पिठलं होतं… एकट्याला किती लागतं? दोन दिवस पुरतं… केयूर? म्हणाला होता तुझा भाऊ, रविवारी येतो. समा काय लांब आहे, बडोद्यातच तर राहतो! पण त्याला कामं असतात. दोन रविवार झाले… नाही, तू नको बोलूस त्याला. मी फक्त सांगितलं.

सायकली आहेत ना जिन्याखाली. दर शनिवारी हवा भरतो, दोन्हींत… आजीच्याही… चालवणार कोण? कोणी नाही. हवा नसली की टायर चिरतं, म्हणून भरायची.

हां, विचार. वहीत काय अडलं?… वाच बरं, मोठ्यानं… 'एक प ला डावा हात. मोह. खाली करजण.' बरोबर आहे की! करजण म्हणजे आपलं भरूचच्या रस्त्यावरचं करजण नव्हे हां, नदी. मोहाच्या झाडाखालून पायवाट उतरते, खाली खडकावर बसायला जागा आहे. आजी तिथं पाय पाण्यात सोडून बसायची. साडीचा काठ भिजला की मला रागवायची, जसं काही मीच भिजवला!

'एक प' काय? कळलं नाही? अगं, एक पाणी!… पाणी, पाणी. रस्त्याकडेच्या दगडावर लिहिलेलं असतं. पुढच्या गावापर्यंत किती पाणी बाकी, म्हणजे पाण्याच्या किती जागा, ते. आधी दोन प येतो, म्हणजे दोन पाणी बाकी. मग एक प. मग नुसता प आला की शेवटचं पाणी, आणि लगेच गाव. फार हुशारीची पद्धत आहे. आता नव्या पाट्यांवर नाही लिहीत…

तुझ्यापुढं आहे? जुना दगड? झुडपात? बघ, मी म्हणालो नव्हतो! पाला बाजूला कर. काय लिहिलंय?… हां, डेडियापाडा, ते आजी वाचायची. त्याच्याखाली?… एक आणि प! आहे ना? वळ डावीकडे!

…काय?

पंधरा? कसले पंधरा?

किलोमीटर.

अगं ऐक ना, पाच मला माहीत आहे. पाच काय असा काढतात? पाचाला वर… नाही, गुजराती वाचायला नाही येत मला, बोलतो नुसता. पण आकडे ते आकडे. कारखान्यात इंग्रजी होते, घरी आजीनं मराठी शिकवले… बसचे नंबर? मी कधी गेलो बसनं? जन्मभर सायकल!

थांब. गुजरातीत पाच… आपल्या 'प'सारखा लिहितात?

अगदी तसाच?

नुसती वरची रेघ नाही. हो, रेघ नव्हती. ते मी तेव्हाच म्हटलं होतं तिला, वर रेघ का नाही म्हणून. आजी म्हणाली, गुजराती लोक देत नाहीत रेघ… हो, खरंच आहे ते. खोटं काहीच बोलली नाही."

विश्रामराव खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"आहे, आहे मी. ऐकतोय.

यशू, पहिला प मी तिलकवाड्याच्या अलीकडे वाचला होता. माझा मी. सायकल टाकून दिली रस्त्यात, म्हटलं, अहो बाई, हा बघा प! प म्हणजे पाणी! पाट्यांवरचं पहिलं अक्षर होतं माझं… ती बघत राहिली दगडाकडे. मग म्हणाली, हो, पाणीच. आणि बाटली काढली.

कारण हापसा नव्हता तिथं. कधीच नसायचा. मी शोधायचो झाडाझुडपांत, आणि ती म्हणायची, बंद पडलेला दिसतोय, माझ्याकडचं घ्या. प्रत्येक वेळी… अगं, वीस वर्षं सगळे हापसे बंद! हसतेस काय?… हस. मीही हसतोय. सरकारला शिव्या घालत प्यायचो मी. ती पदरानं तोंड पुसायची. आता वाटतं, पुसत नसेल, झाकत असेल.

तिच्या पिशवीत चार बाटल्या असायच्या. मी म्हणायचो, कशाला एवढं ओझं, जागोजागी पाणी लिहिलंय. घाट चढताना दम लागायचा तिला. मी पुढं जाऊन ओरडायचो, चला बाई, एकच पाणी राहिलं!

…नाही गं. रडत नाही.

तक्रारसुद्धा केली मी. रस्त्याच्या खात्याला. जन्मातलं पहिलं पत्र माझं. रात्रभर… नाही, तीन दिवस लिहीत होतो. तिच्याकडं दिलं पेटीत टाकायला. उत्तर आलं नाही. मी विचारलं की म्हणायची, मोठी खाती, वेळ लागतो.

काय? वहीत?… कव्हरच्या आत? ते खाकी कव्हर तीच घालायची दर वर्षी, शाळेतल्यासारखं. बालवाडीत शिकवायची ना, तीच सवय… कागद आहे? उलगड. सांभाळून, फाडू नकोस.

वाच.

…'दगडावर प लिहिले आहे पण पानी नाही.' हो. माझंच.

टाकलंच नाही म्हणजे.

लाल पेन? कुठं?… काय खोडलंय? पाचाचं काही लिहिलंय का तिनं? नीट बघ, मागच्या बाजूला?… काहीच नाही?

नुसता न खोडून ण केलाय.

…पाणी.

हो. मी पानी म्हणायचो. त्यासाठी फार बोलायची.

यशू, जा तू, मिताली थांबली असेल. पण आधी एक कर. बाटली आहे ना? एक घोट तू पी, आणि थोडं त्या दगडावर… हॅलो? ऐकू येतंय का? दगडावर ओत, आणि मग डावीकडे वळ, मोह लगेच दिसतो, खाली… हॅलो?… यशू?… हॅलो?"

पुढं डोंगर आड येतो. तिथं आवाज पोचत नाही, हे विश्रामरावांना माहीत होतं. तरी त्यांनी फोन बराच वेळ कानाशी धरून ठेवला. मग आत जाऊन पेलाभर पाणी घेतलं आणि जिन्याखाली, दोन सायकलींच्या शेजारी, उभ्यानंच प्यायले.

सुहासिनी विश्राम सोनवणे गेल्या माघात, रथसप्तमीच्या दिवशी सकाळी, याच घरात वारल्या.